रक्तातली साखर आणि ताटातली खनिजं: आधी गळती शोधा, मग भरती करा

शुगर वाढल्याचं कळलं की घरात पहिली गच्छंती होते ती साखरेच्या डब्याची. मग भात कमी होतो, मेथीचे दाणे भिजू लागतात आणि कुणीतरी औषधाच्या दुकानातून क्रोमियमच्या गोळ्यांची बाटली आणतं. खनिजांचा विचार बहुतेक घरांत त्या बाटलीपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. क्रम उलटा हवा. कोणतं खनिज कुठून गळतंय ते आधी बघायचं, मग ताटातून भरून काढायचं, आणि गोळी लागलीच तर सगळ्यात शेवटी. हौद गळका असताना नळ सोडून काय उपयोग?

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. कोणत्याही खनिजानं मधुमेह बरा होत नाही. कमतरता असेल तर ती भरून निघाल्यावर इन्शुलिन आपलं काम नीट करू लागतं. कमतरता नसेल तर जास्तीचं खनिज लघवीतून तरी जातं, नाहीतर अपाय तरी करतं.

कोणाचं काम काय

जेवणानंतर साखर स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत शिरते आणि तिथे तिच्यापासून ऊर्जा तयार होते. ऊर्जा वाढली की पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं बंद होतात, पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात, आणि कॅल्शियम आत घुसल्यावर इन्शुलिनच्या पुड्या बाहेर पडतात. मधुमेहावरची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडची गोळी नेमकी हीच पोटॅशियमची दारं बंद करते. साखर नसतानाही ती दारं बंद होऊ शकतात, म्हणून या गोळ्यांवर जेवण चुकलं की साखर खाली जाते.

त्या पुड्या बांधायला जस्त लागतं. इन्शुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती गुंफून साठवलेले असतात. १९३४ मध्ये टोरांटोतल्या डी. ए. स्कॉट यांनी दाखवून दिलं की जस्त मिसळल्यावर इन्शुलिनचे स्फटिक चांगले तयार होतात. इंजेक्शनच्या बहुतेक इन्शुलिनमध्ये आजही थोडं जस्त असतं.

इन्शुलिन पेशीपर्यंत पोहोचलं की पुढचं काम मॅग्नेशियमचं. पेशीच्या दारावरची कडी इन्शुलिननं वाजवली तरी निरोप आत पोहोचवणारी विकरं (एन्झाइम) मॅग्नेशियमशिवाय चालत नाहीत. शरीरातल्या तीनशेहून अधिक विकरांना ते लागतं. ते कमी पडलं की इन्शुलिन असूनही साखर रक्तातच राहते. याला इन्शुलिनला दाद न देणं म्हणतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची गोम तिथेच असते.

म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मॅग्नेशियमला दिली आहे. बाकीच्यांचा उल्लेख गरजेपुरता.

गळती कुठे असते

पहिली गळती मधुमेहाचीच. रक्तातली साखर साधारण १८० मिग्रॅच्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते आणि सोबत पाणी, मॅग्नेशियम आणि जस्त ओढून नेते. मॅग्नेशियम कमी झालं की इन्शुलिन आणखी कुचकामी होतं, साखर आणखी वाढते आणि लघवी आणखी होते. या फेऱ्यातून सुटायचं तर आधी साखर आटोक्यात आणावी लागते. साखर अडीचशे-तीनशेवर ठेवून बदाम खात राहणाऱ्याचं मॅग्नेशियम भरत नाही ते यामुळे.

दुसरी गळती औषधांची, आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर काढा आणि पाठीमागचं बारीक छापलेलं घटकाचं नाव वाचा. वरचं मोठं नाव कंपनीचं असतं, ते उपयोगाचं नाही.

हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड, टोरसेमाइड यांपैकी काही दिसलं तर ते लघवी वाढवणारं औषध आहे. त्यातून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही जातात. बीपीच्या बऱ्याच जोडगोळ्यांच्या नावाशेवटी 'एच' किंवा 'सीटी' असतं, ते याच घटकासाठी. पोटॅशियम उतरलं की बीटा पेशीतून इन्शुलिन सुटणं मंदावतं. बीपीची गोळी बदलल्यावर काही महिन्यांत शुगर का चढली, याचं उत्तर काही वेळा इथे सापडतं.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या पित्ताच्या गोळ्या. दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी लोक पाच-पाच वर्षं रोज सकाळी घेत राहतात. या गटातली औषधं वर्षाहून जास्त काळ घेतल्यास रक्तातलं मॅग्नेशियम घसरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये दिला. त्यात महत्त्वाचा मुद्दा असा होता की नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात नुसत्या मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी भागलं नाही, पित्ताची गोळी थांबवावी लागली.

मधुमेहाच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन बी-१२ कमी करतं हे बहुतेकांना माहीत असतं. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन यांच्याबाबत मात्र उलटा प्रकार आहे: ती साखर मुद्दाम लघवीतून बाहेर काढतात, तरी रक्तातलं मॅग्नेशियम किंचित वाढवतात. त्यांना गळतीच्या यादीत घालू नका.

कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. यादी लिहून डॉक्टरांसमोर ठेवायची आणि दोनच प्रश्न विचारायचे: ही पित्ताची गोळी अजून लागते का, आणि लघवीच्या गोळीमुळे पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासायला हवं का?

जुनाट जुलाब आणि रोजची दारू या राहिलेल्या दोन गळत्या. त्यांवर वेगळं सांगण्यासारखं काही नाही, त्या थांबवायच्या.

तपासणी आणि तिच्यातले खड्डे

मॅग्नेशियमची रक्ततपासणी स्वस्त असते, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहून कमी रक्तद्रवात असतं, बाकीचं हाडांत आणि स्नायूंत. रक्तातला आकडा टिकवायला शरीर हाडांतून उसनं घेतं. त्यामुळे आकडा कमी आला तर कमतरता नक्की आहे असं धरा. बरोबर आला म्हणून ती नाहीच, असं धरू नका. बहुतेक प्रयोगशाळा १.७ ते २.२ मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या आसपासची मर्यादा छापतात. मधुमेह असलेल्याचा आकडा १.७-१.८ ला घुटमळत असेल, सोबत पायात गोळे येत असतील आणि वरच्या यादीतली एखादी गोळी चालू असेल, तर 'नॉर्मल' या शब्दावर समाधान मानू नका. रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल तर २.४३ नं गुणा.

नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही खोटेच जास्त येतात, कारण पेशींच्या आत या दोन्हींचा साठा असतो. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल तर नमुना पुन्हा द्यायचा.

पोटॅशियम कमी आणि औषध घेऊनही वर येत नाही, असं दिसलं तर मॅग्नेशियम तपासायला सांगा. मॅग्नेशियम कमी असताना मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवू शकत नाही. कितीही पाजलं तरी ते वाहून जातं.

या सगळ्याबरोबर क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतं ते दाखवणारा आकडा, हवाच. पुढचा निम्मा सल्ला त्या आकड्यावर अवलंबून आहे.

आता लोह. इथला खड्डा मोठा आहे. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ती लाल पेशींना चिकटलेल्या साखरेची टक्केवारी असते, म्हणून पेशी किती दिवस जगतात यावर ती अवलंबून असते. लोहाची कमतरता असली की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि साखर तेवढीच असूनही एचबीएवनसी वर दिसतं. लोहाचा उपचार सुरू झाला की नव्या कोऱ्या पेशींची फौज येते आणि आकडा खाली येतो. अशा वेळी 'काढ्यानं शुगर उतरली' असं श्रेय भलत्यालाच मिळतं.

महाराष्ट्रात हा मुद्दा किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. उलट नंदुरबारमध्ये, तसंच गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर पट्ट्यांत सिकलसेल आहे. त्यात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीएवनसी खोटंच कमी येतं आणि वाढलेली साखर लपून राहते. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा घरात सिकलसेल वा थॅलेसेमिया असेल, तर निर्णय उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवर घ्यायचा. हवं तर फ्रुक्टोसामिन ही तपासणी आहे. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवते आणि तिला लाल पेशींशी देणंघेणं नसतं.

लोहाची दुसरी बाजूही आहे. लोह फाजील साठलं तर ते स्वादुपिंडाला आणि यकृताला मारक ठरतं. हिमोक्रोमॅटोसिस नावाच्या विकारात लोह साठून मधुमेह होतो आणि कातडी काळवंडते. म्हणून पुरुषांनी आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांनी 'अशक्तपणा वाटतो' म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातल्या लोहसाठ्याचा आकडा) न बघता लोहाची गोळी किंवा टॉनिक घेऊ नये. फेरिटिन अंगात सूज किंवा ताप असतानाही वाढतं, त्यामुळे आजारपणातला आकडा धरू नका.

भरती: सुरुवात धान्यापासून

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३५० ते ४५० मिग्रॅ मॅग्नेशियम लागतं. ते कुठे असतं? बीच्या कोंड्यात आणि अंकुरात. तांदूळ पॉलिश करताना, गव्हाचा मैदा करताना नेमका तोच भाग निघून जातो. उरतो तो स्टार्च, म्हणजे साखर वाढवणारा भाग. एकाच फटक्यात दोन्हीकडून तोटा.

१०० ग्रॅम कच्च्या मापात मॅग्नेशियमचे ढोबळ आकडे असे: पांढरा तांदूळ २०, मैदा ३०, कणीक १२५, बाजरी १२५, ज्वारी १३५, नाचणी १४५, हरभरे १६०, शेंगदाणे १७० ते २००, राजगिरा २५०, तीळ ३५०, जवस ३९०, भोपळ्याच्या बिया ५५०. वाण आणि जमिनीप्रमाणे यात फरक पडतो, पण उतरंड बदलत नाही.

हे ताटात मांडून बघू. पहिलं ताट: दीडशे ग्रॅम तांदळाचा भात, तीस ग्रॅम तूरडाळीचं वरण, बटाट्याची भाजी, दही आणि दिवसभरात चहाबरोबर मैद्याची बिस्किटं. बेरीज सव्वाशे मिग्रॅच्या आसपास. दुसरं ताट: शंभर ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, चाळीस ग्रॅम हरभऱ्याची उसळ, तेवढंच वरण, शंभर ग्रॅम पालेभाजी, दहा ग्रॅम तिळाची चटणी, मूठभर म्हणजे वीस ग्रॅम शेंगदाणे, दही. बेरीज जवळपास चारशे. हे आजीच्या हातचं रोजचं जेवण आहे, यात महागडं काहीच नाही.

आता सावधगिरी. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६८ ग्रॅमच्या आसपास पिष्टमय भाग असतोच. 'भाकरी चालते' म्हणून चार भाकऱ्या खाणाऱ्याची साखर भात खाणाऱ्याइतकीच चढते. एका वेळी एक ते दीड भाकरी, तीही उसळ आणि पालेभाजीच्या जोडीनं. भूक राहिली तर उसळ वाढवा.

गिरणीतून पीठ आणताना थोडं जाडसर दळून घ्या आणि चाळणीतला कोंडा टाकू नका. बाजरीत तेल जास्त असल्यानं तिचं पीठ लवकर कडवट होतं, म्हणून आठ-दहा दिवसांपुरतंच दळावं. कडू पीठ गुळाबरोबर खपवायची सवय असते, पण इथे तो इलाज चालणार नाही.

भाताशिवाय चैन पडत नसेल तर कोकण-गोव्यातला लालसर उकडा तांदूळ बघा, ज्याच्यावर कोंड्याचा पापुद्रा शिल्लक असतो. पांढराशुभ्र पॉलिश केलेला उकडा घेतला तर खनिजांच्या बाबतीत फार काही हाती लागत नाही.

फायटेट: कुलूपबंद खनिज

धान्य-कडधान्यांतली खनिजं फायटेट नावाच्या घटकात अडकलेली असतात. जस्त आणि लोह सगळ्यात जास्त अडकतात, मॅग्नेशियम त्या मानानं कमी. हे कुलूप उघडायच्या रीती आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहेत, फक्त घाईत त्या सुटल्या.

मटकी, मूग किंवा हरभरे आठ ते दहा तास भिजवा. पाणी फेकून द्या, कापडात बांधून उबेत ठेवा. मटकी-मुगाला वीस-चोवीस तासांत चांगले मोड येतात, हरभऱ्याला थंडीत दीड-दोन दिवस लागतात. अंकुर फुटताना बी स्वतःच फायटेट फोडणारं विकर सोडतं, म्हणून मोड जरा लांब येऊ द्यावेत. वास आंबूस आणि बोटाला चिकट लागलं तर ते नासलेलं आहे, फेकून द्या. उसळ शिजल्यावर वरून लिंबू पिळलं की लोहाचं शोषण वाढतं. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच शोषण मारलं जातं, त्यामुळे मध्ये निदान एक तास जाऊ द्या.

आंबील हा दुसरा मार्ग. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्ध्या वाटी ताकात रात्रभर भिजवा. सकाळी दोन वाट्या पाण्यात घोटत शिजवा, गार झाल्यावर ताक, जिरं, ठेचलेला लसूण आणि बेताचं मीठ घाला. पीठ दोन चमच्यांवर नेऊ नका: बारीक दळलेलं आणि पूर्ण शिजलेलं पीठ भाकरीपेक्षा भराभर पचतं आणि साखर लवकर चढवतं.

आणि नाचणीसत्त्वापासून दूर राहा. नाव 'सत्त्व' असलं तरी नाचणी वाटून, कापडातून गाळून चोथा टाकून दिलेला असतो. म्हणजे कोंडा गेला आणि स्टार्च उरला. लहान बाळाला ते ठीक, मधुमेहाला नाही.

पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून जे पाणी काढतात त्या येळवणीत पोटॅशियम आणि थोडं मॅग्नेशियम उतरलेलं असतं. साखरेचा हिशेब मांडला तर सणाच्या जेवणातला शहाणपणाचा पदार्थ कटाची आमटी आहे. पोळी एक खा आणि आमटी दोन वाट्या प्या. फक्त आमटीत गूळ सढळ हातानं पडला नाही, हे बघा.

उपवासाला साबुदाणा म्हणजे निखळ स्टार्च: शंभर ग्रॅममध्ये पिष्टमय भाग ८८ ग्रॅमच्या घरात आणि मॅग्नेशियम जेमतेम एक मिग्रॅ. खिचडीची थोडीफार लाज राखतं ते शेंगदाण्याचं कूट. त्याऐवजी राजगिऱ्याचं थालीपीठ किंवा भगर आणि दाण्याची आमटी करा. भगर घेताना मोत्यासारखी पांढरी नको, किंचित पिवळट-करडी बघा. राजगिऱ्याच्या वड्या-लाडू यात धरू नका, त्यांत निम्मा तरी पाक असतो.

जस्तासाठी तीळ, भोपळ्याच्या बिया, काजू, मोड आलेली कडधान्यं, अंडी आणि मटण. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना कालवं मिळतात. जस्ताच्या बाबतीत त्यांच्या जवळपास येणारं दुसरं अन्न नाही. तीळ, जवस आणि कारळाच्या कोरड्या चटण्या आठवड्याची एक याप्रमाणे करून ठेवा आणि रोज एक मोठा चमचा घ्या. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजायचं, करपलं की तेल खवट होतं. मीठ निम्मं घाला. मिठानं साखर वाढत नाही, पण बीपी वाढतं आणि मग एचवाली गोळी येते.

गोळ्यांचा बाजार

क्रोमियमची गोष्ट १९५७ मध्ये सुरू झाली. क्लाउस श्वार्त्झ आणि वॉल्टर मर्ट्झ यांनी उंदरांमध्ये साखर पचवायला मदत करणारा एक घटक सांगितला आणि पुढे त्याचं नातं क्रोमियमशी जोडलं गेलं. सत्तरच्या दशकात, केवळ शिरेवाटे पोषण मिळणाऱ्या काही रुग्णांना मधुमेहासारखी लक्षणं झाली आणि क्रोमियम दिल्यावर ती गेली. यावरून बाजार उभा राहिला. पण २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं क्रोमियम शरीराला आवश्यक असल्याचा पुरेसा पुरावा नसल्याचं म्हटलं. लागलंच तर दिवसाला २५-३५ मायक्रोग्रॅम पुरतं, आणि धान्यांतून, भाज्यांतून, स्टीलच्या पातेल्यात शिजलेल्या आंबट आमटीतूनही ते मिळतं. तोंडानं जेवणाऱ्या माणसानं दोनशे मायक्रोग्रॅमची गोळी घेण्यात अर्थ दिसत नाही. व्हॅनेडियम या आणखी एका खनिजाचं नावही काढू नका.

सेलेनियमबद्दल २००७ मध्ये प्रसिद्ध झालेलं एका अमेरिकी चाचणीचं विश्लेषण पुरेसं बोलकं आहे: रोज २०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्या गटात मधुमेह कमी नव्हे, जास्त आढळला.

जस्ताची गोळी महिनोन् महिने रोज ४० मिग्रॅच्या वर गेली की तांब्याचं शोषण अडतं. त्यातून रक्तक्षय होतो आणि पाय बधिर पडतात. पायाची बधिरता मधुमेहाच्या नावावर खपते आणि खरं कारण गोळीच्या डब्यात पडून राहतं. कोविडच्या काळात सुरू झालेली जस्ताची गोळी अजून चालू असेल तर तिच्याकडे एकदा बघा.

मॅग्नेशियमची गोळी मात्र कमतरता असलेल्याला उपयोगी पडते. मेक्सिकोत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मधुमेह आणि कमी मॅग्नेशियम दोन्ही असलेल्यांना सोळा आठवडे मॅग्नेशियम क्लोराइड दिल्यावर इन्शुलिनला दाद मिळू लागली आणि साखर उतरली. यातले 'कमी मॅग्नेशियम' आणि 'सोळा आठवडे' हे दोन्ही शब्द लक्षात ठेवा.

घ्यायची झाल्यास असं बघा. पाकिटावरचं वजन क्षाराचं असतं, शुद्ध मॅग्नेशियमचं नव्हे. ग्लायसिनेटमध्ये ते १४ टक्के, सायट्रेटमध्ये १६ टक्के, ऑक्साइडमध्ये ६० टक्के. म्हणजे ५०० मिग्रॅ ग्लायसिनेटमधून हाती ७० मिग्रॅच येतं. ऑक्साइडचा आकडा मोठा दिसतो, पण ते अंगी फार कमी लागतं आणि पोट मोकळं करतं. जुलाब झाले की होतं तेही मॅग्नेशियम जातं. शुद्ध मॅग्नेशियम १०० ते २०० मिग्रॅ, रात्रीच्या जेवणाबरोबर, एवढ्यावर सुरुवात करा. गोळ्यांतून दिवसाला ३५० च्या वर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. थायरॉइडच्या गोळीत आणि यात चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी फुकट जाते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर ती आधी घ्या आणि मॅग्नेशियम त्यानंतर दोन तासांनी.

भस्मं आणि बिननावाच्या 'शुगर पावडरी' यांत काय आहे ते छापलेलं नसेल तर घेऊ नका. अशा उत्पादनांत शिसं आणि पारा सापडलेले आहेत.

किडनी अशक्त असेल तर नियम उलटे

ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मॅग्नेशियमची गोळी, मॅग्नेशियम असलेलं अँटासिड आणि रेचक बंद. मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाची गती बिघडते.

पोटॅशियमचा धोका त्याहून आधी सुरू होतो. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही बीपीची औषधं पोटॅशियम धरून ठेवतात. त्यात किडनी मंद, आणि वर रोज शहाळं: एका शहाळ्यात सहज अर्ध्या ग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे मिळतं त्यात मिठाचा काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. बीपीवाल्याला ते चांगलं, पण किडनीवाल्याला नाही. एकाच घरात दोघं असतील तर मिठाचे डबे वेगळे ठेवा आणि वर नाव लिहा.

अशांनी भाज्या आणि बटाटे बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवावेत, पाणी फेकावं, नव्या पाण्यात उकळावेत आणि तेही पाणी फेकावं. पालेभाजीचं सूप आणि येळवणी त्यांच्यासाठी नाही.

घरच्या मीटरवर पडताळणी

ताट बदललं की लगेच दिसणारा फरक खनिजांचा नसतो. तो स्टार्च कमी झाल्याचा आणि चोथा वाढल्याचा असतो. मॅग्नेशियमचा परिणाम महिन्यांच्या हिशेबात येतो. दोन्ही वेगळे मोजा.

ताटासाठी: तीन दिवस नेहमीचं दुपारचं जेवण, नंतर तीन दिवस बदललेलं. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा मोजा. औषध, जेवणाची वेळ आणि नंतरचं चालणं सहाही दिवस तेच ठेवा. हात साबणानं धुऊन कोरडे करा. फळ कापलेल्या बोटाला टोचलं तर मीटर फळाचीच साखर दाखवतो. १०० च्या वर मीटरला पंधरा टक्क्यांपर्यंत चुकायची मुभा मानकातच आहे, म्हणून १६० आणि १७५ यांत फरक पडला असं समजू नका. तीन दिवसांची सरासरी काढा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिनवर असाल तर भात एकदम निम्मा करण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस कमी करावा लागू शकतो. हातपाय थरथरले, घाम फुटला आणि साखर ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शेंगदाण्याचा लाडू अशा वेळी कामाचा नाही, त्यातल्या तेलामुळे साखर उशिरा चढते.

मॅग्नेशियमसाठी: तीन ते चार महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, उपाशीपोटीच्या साखरेबरोबर पुन्हा तपासा. आकडा वर आला आणि पायातले गोळे थांबले तर गोळी सोडून नुसत्या ताटावर या आणि आणखी तीन महिन्यांनी बघा. आकडा जागचा हललाच नाही तर डोस वाढवण्याआधी पित्ताच्या गोळीचं पाकीट पुन्हा टेबलावर काढा.